चाड्यावरची मूठ

अवजार वापरात आहे की नाही, हे कास्तकाराला कधी विचारू नये. सरळ गोठ्यामागं जावं आणि अवजार बघावं. फाळ रोज मातीत जात असेल तर घासलेल्या तांब्यासारखा लखलखतो, नुसता पडून असेल तर पंधरा दिवसांत गंज धरतो. माणूस पाहुण्याचं मन राखायला खोटं बोलेल, लोखंडाला ती रीत ठाऊक नाही. एवढी अक्कल यायला मला नोकरीची पहिली सहा वर्षं लागली. ती आज इथं फुकट वाटून टाकते.

माझी नोकरी नेमकी काय होती हे माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "ती ट्रॅक्टरचं कायतरी बघते," असं तो पाहुण्यांना सांगायचा. आमचे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत. आमच्या घराचा शेतीशी संबंध म्हणजे बाजारातून आणलेली ज्वारी निवडणं, एवढाच. मी शिकले व्यवस्थापन, त्यातही गिऱ्हाईक एखादी वस्तू का घेतं आणि का टाकून देतं याचा अभ्यास. आणि लागले कुठं, तर परभणीत, शेतीची अवजारं तयार करणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात. तिथले इंजिनिअर नवं अवजार बनवायचे. मी ते जीपमध्ये घालून गावात न्यायचं, लोकांच्या हातात द्यायचं, लोक काय म्हणतात ते तक्त्यात भरायचं आणि परत येऊन इंजिनिअरांना सांगायचं. अर्धं काम लोखंडाचं, अर्धं माणसांचं. त्यातलं लोखंडाचं सोपं होतं.

तक्त्यात उत्तम, चांगले, बरे आणि वाईट असे चार रकाने. 'वाईट'चा रकाना म्हणजे वाया गेलेली शाई. "कसं वाटलं अवजार?" "लय चांगलं हाय म्याडम." "काही अडचण?" "काई न्हाई, च्या घ्या." आमचे जीपचे ड्रायव्हर गफारभाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ते एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, इस जिल्हे में मेहमान को कोई बुरा नहीं बोलता. तुम्हारा फारमच बेकार है." मला राग आला, कारण तो फॉर्म मीच बनवला होता.

मग एकदा देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. टपरीच्या बाजूला पाण्याचा रांजण ठेवला होता, त्याच्याखालची तिवई ओळखीची वाटली. वाकून बघितलं तर आमचं कोळपं, तण काढायचं अवजार! दाते काढून टाकलेले आणि सांगाडा उलटा करून त्यावर रांजण. टपरीवाला हाच तो कास्तकार, ज्यानं माझ्या तक्त्यात सगळीकडं 'उत्तम'वर खूण केली होती. तो जराही न लाजता म्हणाला, "लय मजबूत माल हाय म्याडम. चार वर्सं झाली, हललं न्हाई." मी तणतणत चहा तसाच टाकून जीपमध्ये येऊन बसले. सेलू येईपर्यंत गफारभाई हसत होते, आणि पुढं मीही हसायला लागले.

तर असं हे काम. यात फजितीचे किस्से खंडीभर आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला एकच बाई आठवली, म्हणून तिचंच सांगते.

आम्ही बैलांनी ओढायचं एक पेरणी यंत्र बनवत होतो. सोयाबीनला आता सगळीकडं ट्रॅक्टर फिरतो. पण ज्यांची रानं लहान, चढउताराची, त्यांची रब्बीची ज्वारी अजून तिफणीवरच पेरली जाते. ज्यांनी तिफण बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिफणीला तीन फण असतात, ते जमिनीत तीन तासं, म्हणजे पेरायच्या रेघा, ओढत जातात. प्रत्येक फणामागून एक पोकळ नळी वर येते. तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाडग्याला जोडलेल्या असतात, त्याला म्हणतात चाडं. पुरुष बैल हाकतो. तिफणीमागून बाई चालते. ओटीत बी घेतलेलं, मूठ चाड्यावर धरलेली, आणि चालता चालता ती बोटांच्या फटीतून बी सोडत जाते. किती सोडायचं हे ती ठरवते. जास्त पडलं तर रोपं दाटतात, कमी पडलं तर रान उघडं राहतं. वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्या मुठीतून खाली उतरत असतो. आणि आमच्या कार्यालयात या बाईला कागदोपत्री नाव होतं 'बियाणे सोडणारी मजूर'.

चांगली मूठ असलेल्या बाया कमी होत चालल्या होत्या. यंत्रानं त्यांची जागा घ्यावी, असं आमचं ठरलं. पेटीत बी भरायचं, चाक फिरलं की आतला खाचांचा रूळ फिरणार आणि ठरावीक बी खाली पडणार. पण यंत्र चांगलं आहे हे सिद्ध करायला कुणाच्या तरी हाताशी तुलना करावी लागते. म्हणून मी पोखर्णीच्या वाटेवरच्या चार-पाच गावांत विचारत फिरले, की सगळ्यांत चांगली मूठ कुणाची? आणि गंमत अशी, की सगळ्या गावांनी एकच नाव सांगितलं. कौसाबाई.

कौसाबाई साठी ओलांडलेली, काटकुळी बाई. दारात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. मी यंत्राचं सांगितलं, तिनं पाखडता पाखडता ऐकून घेतलं. सून वंदना चहा ठेवायला आत गेली तसा तिनं उजवा हात माझ्यापुढं धरला. पहिल्या दोन बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या.

"सकाळी वाकतच न्हाईत बाई. ऊन पाण्यात धरावं लागतेत. गावात कुणाला म्हाईत न्हाई. लोकं पेरायला बोलवतेत, मी कायबाय सांगून टाळायलेय."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखिवलं. गोळ्या देतेत." तिनं हात पदराखाली घेतला. "एक इचारू का? ह्या साली कशी बी पेरीन मी. पुढल्या साली ह्या हातानं पेरणी व्हायची न्हाई. तुमची मशीन माझं रान पेरील का, तेवढं खरं सांगा."

मी विचारलं, दुसऱ्या कुणाला का नाही बोलवायचं? ती हसली. माझ्या अडाणीपणाला हसली, हे मला जरा उशिरा कळलं. पाऊस उघडल्यावर माती ना चिखल ना कोरडी अशी होते, त्याला वाफसा म्हणतात. वाफसा सगळ्या गावाला एकाच वेळी येतो आणि चार-सहा दिवसांत निघून जातो. त्या दिवसांत जिची मूठ चांगली ती आधी स्वतःचं रान पेरते, मग ज्यांचे संबंध आहेत त्यांचं. कौसाबाईच्या रानात पोचेपर्यंत ओल उडालेली असणार. वंदनाला पेरता येत नव्हतं. मुलगा दत्ता आणि वंदना दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. मागं राहायची कौसाबाई, तीन एकर उतरतं रान आणि दोन बैल. पेरणी चुकली तर तिनं काय खायचं आणि बैलांना काय घालायचं?

"पेरील की," मी म्हणाले. यंत्र अजून पूर्णही झालेलं नव्हतं. तोंडाला कुलूप घालायला मी कधी शिकलेच नाही.

आधी चाचणी झाली आमच्या शेडमध्ये. यंत्रांसाठी आमची एक पद्धत होती. ताडपत्रीचा लांब पट्टा जमिनीवर अंथरायचा, त्यावर ग्रीसचा थर द्यायचा आणि वरून यंत्र ओढायचं. बी पडलं की तिथंच चिकटतं, मग दोन दाण्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. माणसाच्या हातासाठी ही चाचणी कुणी केली नव्हती. मी हट्टानं केली. गफारभाईंनी कौसाबाईला आणि वंदनाला जीपमधून आणलं. दोन माणसांनी तिफण ओढली आणि ती मागून चालली, नेहमीसारखी, इकडंतिकडं बघत, आमच्या शेडच्या पत्र्याला कुठं छिद्र पडलं आहे ते वंदनाला दाखवत.

ती शेवटाला पोचली आणि आम्ही पट्ट्याजवळ वाकलो. मी मोजायला सुरुवात केली. पहिलं अंतर, दुसरं, दहावं, पन्नासावं. माझ्याबरोबर मोजणारा इंजिनिअर मध्येच थांबला आणि पट्टी बदलून आणली, त्याला वाटलं पट्टीत काही घोळ आहे. दुसऱ्या पट्टीनंही तेच. तिन्ही तासांत दाणे असे पडले होते जसे कुणी बसून एकेक मांडले असावेत. आमचं यंत्र त्याच्या जवळपासही नव्हतं. शेडमध्ये पाच-सहा शिकलेली माणसं होती, जो तो गुडघ्यावर येऊन पट्ट्यावर वाकला. 

आणि कौसाबाई? ती पट्ट्याच्या कडेला उकिडवी बसली होती. एकेक दाणा बघत पुढं सरकत होती.

"असं पडतंय व्हय बी," ती हळूच म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षं ती पेरत होती, आणि बी मुठीतून सुटलं की थेट मातीत बुजत होतं. आपली पेरणी तिनं पहिल्यांदाच बघितली होती. तिनं करंगळीनं एक दाणा उचलला, ग्रीस पुसलं आणि पदराला बांधला.

त्या हंगामात तिचं रान आम्ही लांबीनं दोन भागांत वाटलं. अर्ध्यात आमचं यंत्र, अर्ध्यात तिची मूठ. रान वरच्या अंगाला मुरमाड, खाली येता येता काळंभोर आणि खोल. दोन्ही भागांना वरची माती आणि खालची माती सारखी आली. बोटं ऊन पाण्यात धरून धरून तिनं आपलं अर्धं पेरलं. उगवण झाल्यावर मी वही घेऊन रोपं मोजायला गेले. यंत्राचं अर्धं इकडून तिकडं सारखं. आणि तिचं? वरच्या अंगाला विरळ, खाली दाट, मध्ये कुठं एक चौकोन पुन्हा विरळ.

शेडमध्ये जिनं आम्हाला थक्क केलं त्या बाईची मूठ शेतात का बिघडली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला उत्तर आधीच सुचलं आणि मी ते अहवालात लिहूनही टाकलं. 'हाताच्या थकव्यामुळे बियाण्याचे प्रमाण असमान.' वर तिलाही समजावायला गेले. म्हणाले, मावशी, हात दुखत होता ना, म्हणून कमीजास्त पडलं, यंत्राचं बघा कसं सारखं आलंय.

"आसंल बाई," ती म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. मी मात्र खुशीत होते, कारण यंत्र जिंकलं होतं.

पुढं पाऊस आला नाही. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येते, त्यात नवल नाही. पण मार्गशीर्षात मी गेले तेव्हा यंत्राच्या अर्ध्यातला वरचा पट्टा पिवळा पडला होता, पानं वळून सुया झाल्या होत्या. एवढ्या दाट रोपांना पुरेल इतकी ओल मुरमात नव्हतीच. शेजारी, चार हातांवर, त्याच मुरमात कौसाबाईची विरळ ज्वारी हिरवीगार उभी होती. खालच्या काळ्यात तिनं दाट पेरलं होतं, ते माझ्या खांद्याला लागत होतं. मधला तो विरळ चौकोन मी पायानं उकरून बघितला. वीतभर मातीखाली मुरूमच होता. वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

मी तिथं वही उघडून उभी राहिले आणि माझे आकडे एकेक करून रानाशी जुळवले. ज्या ज्या ठिकाणी मी थकवा लिहिला होता, त्या त्या ठिकाणी तिनं माती ओळखली होती. मला इतकी लाज वाटली की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिले. पुढं एका परिषदेत मी एका मोठ्या यंत्राची फिल्म बघितली. परदेशात म्हणे आकाशातून मातीचा नकाशा काढतात आणि ट्रॅक्टर त्या बरहुकूम जागोजागी बी कमीजास्त सोडतो. टाळ्या पडल्या. मी कौसाबाईच्या सुजलेल्या पेरांचा विचार करत होते.

"तुम्हाला कसं कळलं, कुठं किती टाकायचं?" मी तिला विचारलं.

"मला काय म्हाईत? हाताला कळतंय," ती म्हणाली. त्या साली तिचा कडबा कमी पडला, आमच्या यंत्राच्या अर्ध्यामुळं. तिनं ते बोलूनही दाखवलं नाही. फक्त आधी विचारलेलं पुन्हा एकदा विचारलं, "मंग पुढल्या साली कसं करायचं?"

मी परत आले ती आमच्या मिस्त्रींच्या डोक्यावर बसले. म्हणाले, बी जिथून पडतं तिथली झडप चालता चालता कमीजास्त करता आली पाहिजे. त्यांनी तीन दिवसांत सायकलच्या ब्रेकची मूठ आणि तार बसवून दिली. मूठ यंत्राच्या दांड्याला, अंगठ्याखाली. दाबली की झडप आवळणार, सोडली की उघडणार. कौसाबाईची पहिली दोन बोटं गेली होती, अंगठा शाबूत होता. माझे वरिष्ठ नाक मुरडत होते, पण चाचणीपुरती परवानगी मिळाली.

दुसऱ्या साली वाफसा नेमका दसऱ्याच्या तोंडावर आला. दत्तानं बैल जुंपले. मुकादमाचा ट्रक तिसऱ्या दिवशी येणार होता, त्यामुळं त्याचं अर्धं लक्ष सामान बांधण्यात. वंदनानं यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आणि मी जीपमधून गमबूट काढले.

हा नियमही माझाच. आमच्या शेडमध्ये एका कामगाराचा अंगठा फणाखाली सापडून चेंदला होता, तेव्हापासून चाचणीचं कुठलंही यंत्र बुटांशिवाय धरायचं नाही, असं मीच लिहून वरून सही आणली होती. कौसाबाईनं बूट बघितले आणि मागं सरकली.

"पेरणीत पायतान घालत न्हाईत बाई. काळी आई हाय ती."

"मावशी, नियम आहे. पायाला लागलं तर मला जबाब द्यावा लागेल."

"घाल की आये," दत्ता म्हणाला. "म्याडमचं कशाला आडवायली?"

तिनं घातले. वंदना खुदकन हसली. लुगडं, कपाळभर कुंकू आणि खाली काळे गमबूट. कौसाबाईही हसली. मग तिनं यंत्राचा दांडा धरला, ब्रेकच्या मुठीवर अंगठा ठेवला आणि निघाली.

पहिला फेरा झाला. मी बाजूनं चालत तारेकडं बघत होते. तार हललीच नाही. वाटलं, नवखं आहे, जमेल. दुसरा फेरा. वरच्या मुरमावरून यंत्र खाली काळ्यात उतरलं, तार जागची हलेना. तिसऱ्या फेऱ्याला कौसाबाईनं अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पण नुसताच, अंदाजपंचे. चौथ्या फेऱ्याच्या शेवटाला तिनं बैल थांबवायला सांगितलं.

"मला कळंना झालं," ती म्हणाली.

"काय कळेना, मावशी?"

"कुठं आवळायचं, कुठं सोडायचं. कायच कळंना." तिनं मुठीवरचा अंगठा काढून घेतला. "ते मुठीत हुतं बाई. बोटासंगं गेलं."

मी अनेकांना रडताना बघितलं आहे, गारपिटीनंतर, जनावर दगावल्यावर. पण या बाईच्या डोळ्यांत जे होतं ते मला सोसवेना. शेत पडीक राहील याची भीती तिला वर्षभर होती. आता तिला आपण स्वतःच संपलो असं वाटत होतं. दत्ता समजुतीच्या सुरात म्हणाला, "आये, बस तू. मी एकाच मापात वढून टाकतो. जे यील ते यील. परवा ट्रक हाय." मला ते मान्य करवेना, कारण एकाच मापात ओढल्यावर काय येतं ते मी गेल्या साली वहीत मांडून बसले होते.

कौसाबाई धुऱ्यावर जाऊन बसली. उन्हानं बूट तापले होते, तिनं ते ओढून काढले, आतली माती झटकली आणि बाजूला ठेवले. वंदना पलीकडच्या झाडाखाली पाण्याची घागर घेऊन उभी होती. कौसाबाई उठली आणि पेरलेलं तास ओलांडून, वखरलेल्या रानातून अनवाणी तिच्याकडं निघाली. पाच-सात पावलं गेली असेल. थांबली. मला वाटलं काटा मोडला.

ती दोन पावलं मागं आली. तिथं उभी राहिली. मग एक पाऊल डावीकडं. मान खाली घातलेली, जसं कुणाचं तरी बोलणं ऐकत असावी. वंदनानं जवळ येऊन पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं तो घेतला नाही.

"दत्त्या," ती म्हणाली, "जुंप."

मी बुटांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं दांडा धरला, अंगठा ठेवला, आणि तार हलली. वरच्या मुरमावर ती आवळत गेली, थोडी, आणखी थोडी. उतार लागला तशी सैल पडत गेली. मधे सपाट जागी अचानक पुन्हा आवळली. मी वही काढून बघितलं, गेल्या साली मी उकरून बघितलेला चौकोन तोच होता. तिचं तारेकडं लक्षही नव्हतं. वंदनाला ती, घरी जाऊन पिठाचं डबडं भर, वाटंला दसम्या लागतील, असं काहीबाही सांगत चालली होती. मी बाजूनं चालता चालता थांबले.  एवढ्या वर्षांत मी यंत्रं बघितली, प्रयोगशाळा बघितल्या, मोठमोठी माणसं बघितली. त्या दिवशी मला आपण देवळाच्या गाभाऱ्यात चुकून शिरलो आहोत असं वाटलं.

चाळीस वर्षं जे हातात आहे असं सगळे म्हणत होते, ती स्वतःसुद्धा, ते तिच्या तळपायात होतं. हात फक्त पायाचं ऐकत होता. आणि मी तिला नियमानं बूट घातले होते.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तीनही एकर पेरून झाले.

आता माझ्या पापाचं सांगते, ते झाकून ठेवलं तर या लिहिण्याला काही अर्थ नाही. अंतिम बैठकीत ब्रेकची तार काढून टाकायचं ठरलं. यंत्र साधं हवं, कास्तकार गोंधळतो, असं म्हणणं पडलं. मी भांडले, दोन वेळा आवाज चढवला, आणि तिसऱ्या वेळी थकून सही केली. बाजारात जे यंत्र आलं त्याला एकच माप आहे. सपाट रानात ते छान चालतं, वाईट म्हणणार नाही. अहवालात 'चालवणाऱ्यास लागणारे कौशल्य' असा एक रकाना होता, त्यात 'विशेष कौशल्याची गरज नाही' असं छापलं गेलं. त्याखालीही माझी सही आहे. मला एवढंच जमलं, की बुटांच्या नियमापुढं 'पेरणीस लागू नाही' असं लिहून घेतलं. कुणी कारण विचारलं नाही. तारेचं ते पहिलं यंत्र मी चाचणी सुरू असल्याचं दाखवून कौसाबाईकडंच ठेवलं.

ही बैठक नंतरची; त्या दुसऱ्या सालच्या पेरणीनंतर आठव्या दिवशी मी उगवण मोजायला गेले. दत्ता-वंदना ट्रकमधून निघून गेले होते. कौसाबाई रानात एकटीच होती. कोंब वर आले होते, वर विरळ, खाली दाट, हवे तिथं हवे तेवढे. मी वही काढलीच नाही.

"पेरलं का नाही तुमचं रान?" मी विचारलं.

"पेरलं," ती म्हणाली, आणि तिनं वाकून एका कोंबावरचं ढेकूळ बाजूला केलं. मग माझ्या पायांकडं बघितलं. "काढा की त्या चपला."

मी काढल्या. धुऱ्याकडेची न पेरलेली एक पट्टी होती, तिच्यावरून तिनं मला वरपासून खालपर्यंत चालवलं. ढेकळं टोचली, ऊन लागलं. तिनं विचारलं, काई लागतंय का पायाला? मी म्हटलं, नाही. पुन्हा चालवलं. मी डोळे मिटून बघितले, पावलं दाबून बघितली. एवढी वर्षं मी याच मातीवरच्या अवजारांचा पगार घेत होते, आणि माझ्या पायाला तिच्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. लोण्याचं पाय हायत म्याडमचं, असं म्हणून ती हसली.

"वंदीला बी अजून कळंना," ती म्हणाली. "ह्या साली शेवटल्या दिशी मागं मागं चालवली तिला. कळंल हळूहळू. माझ्या सासूनं मला आठ पेरण्या नुसतंच मागं चालवलं हुतं, बी हातात दिलं न्हवतं. नवव्या पेरणीला कळालं."

"मी पण येत जाऊ का मग, दरसाल?"

"या की. आठ पेरण्या काय, बघता बघता जातेत."

माझ्या नोकरीच्या तेव्हा दोन पेरण्या उरल्या होत्या.